दार उघडतं, पण केव्हा?

रॉबर्ट हॉरीला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमधल्या त्या सन्मान-दालनात, जागा मिळावी का, असा विषय निघाला की चाहत्यांत दोन तट पडायला दोन मिनिटं पुरतात. एक तट म्हणतो, सात विजेतेपदं! ह्यूस्टनकडून दोन, लेकर्सकडून तीन, सॅन अँटोनियोकडून दोन. २००२ साली सॅक्रामेंटोविरुद्ध वेळ संपता संपता मारलेला तो थ्री-पॉइंटर विसरलात का? आणि २००५ च्या फायनल्समधला डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना? दुसरा तट थंडपणे विचारतो, सरासरी किती? सामन्यामागे सात गुण. ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत, किती वेळा? एकदाही नाही. मग पहिला तट के. सी. जोन्सला साक्षीला बोलावतो. तोही कधी ऑल-स्टार नव्हता, त्याचीही सरासरी साडेसातच्या आतच, तरी बॉस्टनच्या आठ विजेतेपदांच्या जोरावर १९८९ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेलाच ना? यावर दुसऱ्या तटाकडे उत्तर असतं, त्यावर पहिल्याकडे प्रत्युत्तर असतं, आणि रात्र संपते.

मला ही भांडणं मनापासून आवडतात. मीही त्यात हिरिरीने उतरतो. माझं मत विचाराल तर हॉरी आत नको. ओलाजुवन, शॅक, डंकन या बड्या सहकाऱ्यांच्या शेजारी उभं राहून मोक्याचे बास्केट मारणं ही मोठी गोष्ट आहे, पण ते शेजारी नसते तर तो मोका आलाच नसता. उद्या तो आत गेला तरी मी निषेधाचं पत्र लिहिणार नाही. कारण हॉरी थांबू शकतो. अलीकडे मला वाटू लागलंय की ‘कोण लायक, कोण नालायक’ या वादात आपण इतके रंगतो की त्याहून मोठा अन्याय डोळ्यांसमोरून निघून जातो आणि आपल्याला दिसत नाही. स्प्रिंगफील्डच्या त्या हॉलमध्ये चुकीची माणसं गेली, अशी उदाहरणं फार नाहीत. योग्य माणसं चुकीच्या वेळी गेली, अशी मात्र ढीगभर आहेत. आणि ‘चुकीच्या वेळी’ याचा अर्थ बहुतेकदा एकच असतो: माणूस गेल्यावर.

आपल्या नेहमीच्या मोजपट्ट्या आधी तपासून घेऊ, म्हणजे त्यांच्यात किती जीव आहे ते कळेल. गुणांची सरासरी धरली तर बेन वॉलेस बाहेर राहतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू घेतात त्या वार्षिक निवडीत, त्याला कुणीही निवडलं नव्हतं, कारकिर्दीची सरासरी ५.७ गुण, पण चार वेळा वर्षातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला, २००४ चं विजेतेपद जिंकलं आणि २०२१ मध्ये आत गेला. ऑल-स्टारची पट्टी लावली तर लेकर्सचा मायकेल कूपर बाहेर, तो २०२४ मध्ये आत गेला. नुसती विजेतेपदं मोजली तर हॉरी कधीच आत असायला हवा होता. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधलीच कामगिरी मोजायची म्हटलं तर ब्राझीलचा ऑस्कर श्मिट आणि ग्रीसचा निकोस गॅलिस यांचं काय करणार? दोघेही एनबीएचा एकही सामना खेळले नाहीत. पण १९८७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, तेही इंडियानापोलिसमध्ये, अमेरिकेसमोर ४६ गुण काढून ब्राझीलला जिंकून देणाऱ्या माणसाला बास्केटबॉलच्या इतिहासातून कसं वगळणार? हा हॉल एनबीएचा नाही, बास्केटबॉलचा आहे, ही साधी गोष्ट निम्म्या भांडणांत विसरली जाते. कॉलेजचं बास्केटबॉल, ऑलिम्पिक, युरोप, महिलांचा खेळ, प्रशिक्षक, पंच, संघच्या संघ, सगळे तिथे एकाच छपराखाली आहेत. त्यामुळे एक मोजपट्टी सगळ्यांना बसणार नाही, बसूही नये. इथवर बहुतेकांना पटेल. पुढचं पटवणं जरा कठीण आहे.

पुढचं म्हणजे चक कूपर.

१९५० साली बॉस्टन सेल्टिक्सने त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं. एनबीएच्या संघाने ड्राफ्टमध्ये निवडलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. सहा हंगाम खेळला, सरासरी सामन्यामागे सातच्याही आत. संघ गावोगाव फिरायचा तेव्हा हॉटेलं त्याला दारातून परत पाठवायची. उत्तर कॅरोलिनातल्या रॅलीमध्ये असंच झालं, तेव्हा संघातला त्याचा मित्र बॉब कूझी रात्रीची गाडी पकडून त्याच्याबरोबर निघून गेला होता. कूझी १९७१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि जायलाच हवा होता. चक कूपर गेला २०१९ मध्ये. त्याच रात्रगाडीतल्या दोन प्रवाशांत ४८ वर्षांचं अंतर. कूपर १९८४ मध्येच वारला होता.

१९५९ मध्ये पहिली तुकडी निवडल्यापासून १९८४ पर्यंत, म्हणजे कूपर हयात असताना, निवड समितीला पंचवीस वर्षं मिळाली होती. त्या पंचवीस वर्षांत जमलं नाही आणि त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत जमलं, ते का? कूपर मधल्या काळात एकही सामना खेळला नाही. त्याच्या आकड्यांत एका गुणाची भर पडली नाही. १९५० मधला तो ड्राफ्ट १९६० सालीही तेवढाच महत्त्वाचा होता. बदलला असेल तर फक्त निवडणाऱ्यांचा डोळा बदलला. हा सन्मान कूपरच्या कर्तृत्वाबद्दल जेवढं सांगतो त्याहून जास्त हॉलबद्दल सांगतो.

बिल रसेलने हे १९७५ मध्येच ओळखलं होतं. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं जिंकलेला हा माणूस हॉलमध्ये निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, आणि समारंभाला गेलाच नाही. सन्मानाची अंगठीही घेतली नाही. त्या वेळी लोकांनी त्याला तुसडा ठरवलं, तसा तो चाहत्यांना सह्या न देण्यासाठी प्रसिद्ध होताच. चव्वेचाळीस वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, घरच्यांच्या आणि मोजक्या मित्रांच्या साक्षीने त्याने ती अंगठी स्वीकारली आणि कारण सांगितलं: माझ्याआधी इतरांना हा मान मिळायला हवा होता. त्याच वर्षी कूपर आत गेला होता. रसेलच्या पात्रतेबद्दल कुणालाच शंका नव्हती, म्हणूनच त्याचा नकार एवढा वजनदार. आपण चाहते ‘हा की तो’ यावर भांडतो. रसेलचं भांडण ‘आधी कोण’ यावर होतं, आणि आजवरच्या सगळ्या वादांत मला तेच खरं भांडण वाटतं.

हॉलच्या कारभाऱ्यांनी चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. २०११ पासून जुन्या कृष्णवर्णीय अग्रणींसाठी आणि एबीए या बंद पडलेल्या लीगमधल्या खेळाडूंसाठी थेट निवडीच्या वेगळ्या समित्या आल्या. चांगलंच झालं. पण अग्रणींच्या यादीकडे एकदा नीट बघा. २०११ ते २०१९ या नऊ वर्षांत त्या वाटेने नऊ जण आत गेले. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचा गूस टेटम: मृत्यू १९६७, निवड २०११. अमेरिकेच्या ऑलिम्पिक बास्केटबॉल संघातला आणि एनबीए ऑल-स्टार सामन्यातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू डॉन बार्क्सडेल: मृत्यू १९९३, निवड २०१२. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय मुलांना हा खेळ शिकवणारे एडविन हेंडरसन: मृत्यू १९७७, निवड २०१३. ओरा वॉशिंग्टन, जी टेनिसही तितक्याच ताकदीने खेळायची: मृत्यू १९७१, निवड २०१८. पुढे वाचत गेलात तरी चित्र बदलत नाही. नऊपैकी एकही जण हयात नव्हता. बैल गेला आणि झोपा केला, तोही एकदा नव्हे, ओळीने नऊ वेळा.

त्यातला जॉन आयझॅक्स मला सर्वांत जास्त सलतो. न्यूयॉर्क रेन्स या संपूर्ण कृष्णवर्णीय संघाकडून तो खेळायचा. १९३९ मध्ये शिकागोत झालेली व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा या संघाने जिंकली. हॉलने १९६३ मध्येच रेन्सचा ‘संघ’ म्हणून गौरव केला होता, म्हणजे हे लोक कोण होते हे समितीला ठाऊक नव्हतं अशी सबब चालत नाही. आयझॅक्स त्यानंतर तब्बल ४५ वर्षं जगला. नव्वदी ओलांडून २००९ मध्ये गेला. निवड झाली २०१५ मध्ये. सात वर्षं आधी कुणाला आठवण झाली असती, तर एक म्हातारा स्प्रिंगफील्डच्या व्यासपीठावर उभा राहून १९३९ सालची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगू शकला असता. ती गोष्ट आता कोणत्याही भिंतीवरच्या फलकावर तशी सापडणार नाही.

हे फक्त वर्णाचं प्रकरण आहे असंही नाही. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डमध्ये पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. पुढच्या काही महिन्यांतच सेंडा बेरेन्सन यांनी जवळच्याच नॉर्थॅम्प्टनमधल्या स्मिथ कॉलेजात तो मुलींना शिकवायला घेतला. नायस्मिथ १९५९ च्या पहिल्या तुकडीत होते. बेरेन्सन आत गेल्या १९८५ मध्ये, आणि त्या वर्षीच्या तीन निवडी होईपर्यंत त्या भिंतींवर एकाही स्त्रीचं नाव नव्हतं. सव्वीस वर्षं! खेळ जन्मल्यापासून स्त्रिया तो खेळत होत्या. हॉलला त्या दिसायला एक अख्खी पिढी जावी लागली.

आणि मॉरिस स्टोक्स. ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. रोचेस्टर आणि मग सिनसिनाटीच्या रॉयल्स संघाचा हा फॉरवर्ड पहिल्याच हंगामात वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला, तिन्ही हंगामांत ऑल-स्टार. १२ मार्च १९५८ रोजी साखळीतल्या शेवटच्या सामन्यात तो डोक्यावर पडला. शुद्धीवर आणून त्याला पुन्हा खेळायला उतरवलं. तीन दिवसांनी प्ले-ऑफचा सामना खेळून परतताना विमानात त्याची तब्येत बिघडली, आणि शरीर कायमचं लुळं पडलं. वय चोवीस. संघातला सहकारी जॅक ट्वायमन त्याचा कायदेशीर पालक झाला. तो मित्राच्या औषधपाण्याच्या खर्चासाठी दरवर्षी निधी-सामने भरवायचा, आणि हे सगळं स्वतःची कारकीर्द आणि संसार सांभाळून. स्टोक्स १९७० मध्ये गेला. ट्वायमन १९८३ मध्ये हॉलमध्ये पोचला. स्टोक्स पोचला २००४ मध्ये. ट्वायमनच्या सुदैवाने तो दिवस बघायला तो स्वतः हयात होता.

‘तीनच हंगाम खेळला, मग कसा निवडायचा?’ हा आक्षेप त्या काळी घेतला गेला असेल तर तो अगदीच पोकळ नव्हता, हे मी मान्य करतो. पण २००४ मध्ये ते तीन हंगाम काही चार झाले नव्हते. तीन पुरेसे असतील तर ते १९७० च्या आधीही पुरेसे होते.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा येतो, आणि तो मांडणारे लोक मूर्ख नाहीत. ते म्हणतात, काळ जाऊ देणं हीच खरी चाळणी आहे. निवृत्तीनंतर लगेच निवड केली की टाळ्यांचा आवाज कानात असतो, पारखायला अंतर लागतं. हे तत्त्व म्हणून मला पटतं. अडचण अशी की हॉलने स्वतःच ते सोडून दिलंय. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याचा नियम आधी चारवर आणला, मग तीनवर. नोविट्झकी, वेड २०१९ मध्ये थांबले आणि २०२३ मध्ये आत होते. माझी त्याला हरकत नाही. त्यांच्याबद्दल ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. पण ज्यांचा प्रत्येक सामना लोकांच्या फोनवर आहे त्यांच्यासाठी घाई, आणि ज्यांचे सामने कधी नीट चित्रितच झाले नाहीत त्यांच्यासाठी ‘काळाची चाळणी’, हा कुठला न्याय? एबीएकडे राष्ट्रीय वाहिनीचा कायमचा करार नव्हता, म्हणून त्या खेळाडूंचं फारसं चित्रीकरण उरलं नाही. रॉजर ब्राउनचंच घ्या. शाळकरी वयात एका जुगाऱ्याशी ओळख झाली एवढ्यावरून एनबीएने त्याला बंदी घातली. सामना फिक्स केल्याचा गुन्हा त्याच्यावर कधीच दाखल झाला नाही. तो कारखान्यात कामाला लागला, १९६७ मध्ये इंडियाना पेसर्स या एबीएच्या संघाने त्याला तिथून काढून आपल्याकडे घेतलं, आणि त्याने एबीएची तीन विजेतेपदं जिंकून दिली. १९९७ मध्ये कॅन्सरने गेला. निवड २०१३ मध्ये. त्याला आधी लीगने बाहेर ठेवलं, मग चित्रफितींच्या दुष्काळाने. काळाच्या चाळणीतून तो खाली पडला नव्हता. त्याला चाळणीत कुणी घातलंच नव्हतं.

हे सगळं इतकी वर्षं बिनबोभाट चालतं, कारण मतदान गुप्त असतं. अंतिम फेरीतल्या उमेदवारांवर २४ जणांची समिती मत देते आणि १८ मतं पडली की दार उघडतं. हे चोवीस जण कोण, ते जाहीर होत नाही. कुणाला किती मतं पडली, तेही नाही. ख्रिस वेबर २००८ मध्ये निवृत्त झाला आणि २०२१ मध्ये आत गेला. मधल्या वर्षांत काय झालं? मिशिगन विद्यापीठात खेळताना बाहेरच्या माणसाकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणाचा डाग आड आला? विजेतेपद नव्हतं म्हणून? चाहते वर्षानुवर्षं तर्क लढवत बसले, समितीने अवाक्षर काढलं नाही. त्याला सतरा मतं पडत होती की दोन, हे आजही गुलदस्त्यात आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ साठहून अधिक वर्षं झाकलेली आहे.

बेसबॉलचा कूपर्सटाउनमधला हॉल काही संतांचा मठ नाही. पण तिथे बेसबॉल लेखकांच्या मतदानाची आकडेवारी दरवर्षी छापली जाते. त्यामुळे लॅरी वॉकर २०१४ मध्ये १०.२ टक्क्यांपर्यंत घसरला होता आणि २०२० मध्ये, उमेदवारीच्या शेवटच्या वर्षी, ७६.६ टक्क्यांवर आत गेला, हे सगळ्यांना दिसलं. त्याच वर्षी डेरेक जेटरला ३९७ पैकी ३९६ मतं पडली आणि तो एक मतदार कोण यावर लोकांनी डोकं पिकवून घेतलं. पोरकट वाद होता, पण आकडा हातात असल्यावर वाद निदान जमिनीवर उभा राहतो. मत वाढतंय, मत घटतंय, अमुक एकाचा विचार होतोय, तमुक एकाचं नावच कुणी काढत नाही, हे दिसतं. ज्याचं नाव कुणी काढत नाही, त्याच्यासाठी मग कुणीतरी आवाज उठवू शकतं.

गुप्ततेच्या बाजूने एवढंच सांगितलं जातं की नावं फुटली तर मतदारांवर दबाव येईल. बरं, नावं ठेवा झाकून. मला नावं नकोत, आकडे हवेत. कुणाला किती मतं पडली एवढं छापायला कसला दबाव येतो? आणि दुसरी मागणी याहून साधी आहे: अंतिम यादी करताना उमेदवाराचं वय बघा. हे ऐकून शुद्धतावादी चाहते नाक मुरडतील, मला माहीत आहे. गुणवत्तेच्या मंदिरात जन्मतारीख कसली बघता, म्हणतील. पण मी कुणाला वयामुळे निवडा म्हणत नाहीये. ज्यांना आज ना उद्या निवडायचंच आहे, ज्यांच्या नावावर समितीत कुणाचाही ठाम विरोध नाही, फक्त ‘या वर्षी मोठी नावं आहेत, पुढच्या वर्षी बघू’ असं चाललंय, त्यांच्यातल्या पंच्याऐंशीच्या माणसाला चाळिशीतल्या माणसाच्या आधी बोलवा एवढंच. चाळिशीतल्याचं काही बिघडत नाही. हॉरी थांबू शकतो, असं मी म्हटलं ते याच अर्थाने.

‘हॉल आता फार सैल झालाय, कुणालाही घेतात’ ही तक्रार करणाऱ्यांना मी एवढंच विचारेन, की सैल दार तुम्हाला कुणाच्या वेळी दिसतं? बहुतेक जण ज्यांचे सामने त्यांनी पाहिलेत अशाच खेळाडूंची नावं घेतात. आयझॅक्सचं, ब्राउनचं नाव त्यांच्या तक्रारीत कधी येत नाही, कारण त्यांच्या कौतुकातही ते कधी आलेलं नसतं.

२०२४ च्या तुकडीत विन्स कार्टर होता, चॉन्सी बिलप्स होता. चर्चा सगळी त्यांच्याभोवती झाली. त्याच तुकडीत फीनिक्सचा वॉल्टर डेव्हिस होता: १९७६ चं ऑलिम्पिक सुवर्णपदक, सहा वेळा ऑल-स्टार, निवृत्ती १९९२ मध्ये. निवड जाहीर झाली एप्रिल २०२४ मध्ये. तो वारला नोव्हेंबर २०२३ मध्ये, पाच महिने आधी. आणि त्याच तुकडीत डिक बार्नेट होता. टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजाला १९५७ ते १९५९ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणाऱ्यांपैकी एक, पुढे न्यूयॉर्क निक्सच्या १९७० आणि १९७३ च्या विजेत्या संघांत. आपल्या त्या कॉलेज संघाला हॉलमध्ये जागा मिळावी म्हणून तो कित्येक वर्षं खेटे घालत राहिला. २०१९ मध्ये संघ आत गेला. पाच वर्षांनी त्याचा स्वतःचा नंबर लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये समारंभ झाला तेव्हा तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. एप्रिल २०२५ मध्ये तो गेला. सहा महिने मिळाले त्याला.